नोव्हेंबरातला ऑगस्ट

होरिगुचीबाई म्हणाल्या, हे खेळ आमच्याकडे ऑगस्टातले.
इथे जुबैलला ऑगस्टात
गाडीच्या दारालाही फडकं धरून हात लावावा लागतो.
म्हणून नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी,
जुम्म्याची नमाज सुटल्यावर,
दोन घरांनी मिळून फनातीरच्या वाळूवर
ऑगस्ट साजरा करायचं ठरवलं.

त्यांनी आणले भाताचे तिकोनी गोळे, मी थालीपिठं.
बाळाच्या टबात पाणी, पाण्यात प्लास्टिकचे लाल मासे,
आणि ते उचलायला कागदाची चाळणी,
टिश्यूहून पातळ.
निहारनं घाईनं बुडवली. फाटली.
दुसरी फाटली. तिसरी.
चिहारूबाई त्याचं मनगट धरून सांगत राहिल्या,
तिरकी घाल, हळू, पाण्याला कळू देऊ नकोस.
तेवढ्यात श्रीधरनं चौथी फाडली
आणि म्हणाला, आपला इकामा असाच असतो.
हसलो आम्ही. जरा जास्तच.

मग कलिंगड.
वादी दवासिरचं, अकरा किलोचं,
निळ्या ताडपत्रीवर एकटंच बसवलेलं
बारशाच्या बाळासारखं.
काठी म्हणून पोछ्याची दांडी.
पट्टी म्हणून माझीच ओढणी,
आणि पाच गिरक्या.

परतूरला जिनिंगमागच्या मोकळ्या जागेत
आम्ही आंधळी कोशिंबीर खेळायचो.
तिथे सगळे श्वास धरून गप्प असायचे.
जिच्यावर राज्य, तिनं हात पसरून
आपली आपण शोधायची माणसं.
इथे उलटंच:
ज्याला त्याला वाट ठाऊक, आणि जो तो ओरडतोय.

मिगी, मिगी! होरिगुची.
आई, यसार! रेवा,
जिला डावं-उजवं अजून अरबीतच सुचतं.
निहार मुद्दाम खोटं सांगतोय, आवाजात हसू लपत नाही.
आणि श्रीधर: अगं उजवीकडे!
माझ्या उजवीकडे!

एकदा मारली, वाळू.
दुसऱ्यांदा वाळू.
तिसऱ्यांदा दांडी उचललीच नाही.
पायाखालची वाळू घट्ट होत गेली, मग गार,
मग घोट्याशी काहीतरी कोमट आलं
आणि परत गेलं.

परतूरला समुद्र म्हणजे नकाशातला निळा,
परीक्षेत नेहमी रंगवायचा राहून जाणारा.
अठरा वर्षं याच्या काठाला राहते आहे.
डबे घेऊन आले, पाहुणे घेऊन आले,
मुलांच्या चपला मोजत बसले.
अशी, काही न बघता,
एकदाही आले नव्हते.

मागे हाका वाढल्या, तीन भाषांतल्या,
मग त्यांची मिळून एकच गलबल झाली,
लग्नघराची असते तशी, दुरून.
सलवार गुडघ्यापर्यंत भिजली.
मी उभी राहिले.
किती वेळ, ते श्रीधरला विचारा,
तो म्हणतो दोन मिनिटं.

कलिंगड शेवटी मोतालेबनं फोडलं.
किनारा झाडणारा, सिल्हेटचा, केव्हाचा बघत होता.
त्यानं आधी मुकादम कुठे दिसतो का पाहिलं,
मग पट्टी बांधून घेतली,
गिरक्या मोजल्या स्वतःच, बंगालीत,
आणि एका घावात.
आवाज ओला, जड.
लाल पाणी ताडपत्रीवरून वाळूत गेलं
आणि होरिगुची वाकले, कमरेत, त्याच्यापुढे.
तोही वाकला. दांडी हातातच होती.

बिया कोण लांब थुंकतो याची शर्यत झाली. रेवा जिंकली.
फुलबाज्या कस्टमवाल्यांनी कधीच ठेवून घेतल्या होत्या,
म्हणून अंधार पडल्यावर
पोरं रिफायनरीच्या ज्वाळेकडे बघत
हात लांब करून उभी राहिली,
जणू दांडा त्यांच्याच बोटांत आहे.

घरी ओढणी झटकली तर न्हाणीघरभर वाळू.
दारात रेवा, केस ओले, जांभई देत:
आई, तू समुद्राकडे निघालीस तेव्हा
आमच्या हाका तुला ऐकू येत नव्हत्या का?

येत होत्या, म्हटलं.
सगळ्या.